ऊत्तुमेडुचं नाव

अप्पा, परवा मी त्या गावाला जाऊन आले आणि आल्यापासून मनातल्या मनात तुमच्याशी भांडते आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायचा म्हटलं तर आधी वर्गातला आठवतो, घरातला मागाहून येतो. राग मात्र जसाच्या तसा आहे. तुम्ही असतात तर कुणावर, कशासाठी, कधीपासून असं सगळं नीट विचारलं असतंत आणि उत्तर पुरं व्हायच्या आत 'राग' या शब्दाकडे वळला असतात. तो संस्कृतात कसा, तमिळमध्ये कसा, गाण्यातला कोणता आणि भांडणातला कोणता. मग तिरुवैयारुच्या कुणा गवयाची गोष्ट निघाली असती. आई फिल्टरची कापी पुन्हा गरम करून आणायची आणि तीही निवायची. माझी तक्रार हीच आहे, आणि ती लहान नाही.

मी शाळेत असतानाची एक संध्याकाळ आठवते. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीतल्या घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मी भूगोलाचं इंग्रजी पुस्तक मोठ्यानं वाचत बसले आहे. आई उडदाचं पीठ ताकात कालवून डांगर करते आहे. आपला जिल्हा कोरोमंडल किनाऱ्यावर आहे, असं मी वाचते. तुम्ही तेव्हाच शाळेतून आलेले, छत्री अजून हातात. दारातूनच गरजलात, "कोण हा कोरोमंडल? कोठला राजा?" मी घाबरून पुस्तक मिटलं. "उघड तें. पुस्तकाची चूक नाही. आपण डोळे मिटून वाचतों ती चूक." मग तुम्ही तिथंच, हातपाय न धुता, फरशीवर बसलात. चोळ राजांचं मंडळ ते चोळमंडळ. पोर्तुगीज आले, त्यांनी ऐकलं तसं आपल्या लिपीत लिहिलं. त्यांचा 'च' दुसऱ्यांनी 'क' वाचला, मधला 'ळ' त्यांच्या जिभेला जमेना म्हणून 'र' झाला, आणि सगळ्या जगानं एका अख्ख्या किनाऱ्याला चुकीच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. "आपण येथें राहतों. आपण तरी नीट म्हणावें." आई म्हणाली, "आधी कापी घ्या, मंडळ कोठें पळत नाही." त्या दिवशी मला बोलणी बसली आणि त्याच दिवशी मला तो विषय आवडायला लागला. हे दोन्ही एकदम होऊ शकतं, हे नवल मला अजून वाटतं.

नावं तुम्ही मला खाऊसारखी दिलीत. पट्टिणम म्हटलं की समुद्रकाठचं गाव, काडु म्हणजे रान, तुरै म्हणजे जिथं होडी लागते किंवा माणूस पाण्यात उतरतो ती जागा, मेडु म्हणजे उंचवटा. "नाव म्हणजे त्या जागेवर पहिल्यानें उभा राहिलेल्या माणसानें काय पाहिलें तें," असं तुम्ही वर्गात सांगायचात. ओरत्तनाडुला तुमची पहिली नोकरी होती, तिथल्या मुलांना तुम्ही सुट्टीत घरोघरी पाठवून शेतांची नावं विचारून आणायला लावायचात, हे त्यांच्यातल्याच एकानं, पिकल्या केसांच्या एका बँक मॅनेजरनं, तुमच्या तेराव्याला मला सांगितलं. पण प्रत्येक नाव तुम्हाला दुसऱ्या नावाकडे नेई, दुसरं तिसऱ्याकडे, आणि तास संपल्याची घंटा व्हायची. परीक्षेत येणारा भाग तुमच्या वर्गात कधीच पुरा झाला नाही. मुलं तो गाईडमधून करायची आणि तुमच्यावर जीव टाकायची.

तुम्ही निवृत्त झालात त्याच सुमारास आपला जिल्हा तोडला. समुद्र जवळजवळ सगळा दुसऱ्या जिल्ह्यात गेला, आपल्याला पट्टुक्कोट्टैकडचा एक तुकडा उरला. तुम्ही पेपर खाली ठेवून म्हणालात, "काल निजलों तेव्हां वेदारण्यम आपलें होतें." आई म्हणाली, "आतां काय तिकीट काढून जावें लागेल?" तुम्ही हसला नाहीत. भिंतीवरचा नकाशा मात्र तुम्ही शेवटपर्यंत बदलला नाहीत.

त्या दिवसांत रोज पेपरात येई की देश परदेशी व्यापाराला उघडला. आमच्या गल्लीत त्याची खूण म्हणजे छपरांवरून गेलेल्या केबलच्या तारा आणि कोपऱ्यावर नवा एसटीडी बूथ. मी पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा करून जुन्या बसस्टँडजवळच्या एका सर्व्हे ऑफिसात लागले होते. मोजणी करून आलेले आकडे ट्रेसिंग पेपरवर शाईनं उतरवायचे, हे माझं काम. तोवर घरांचे, लग्नमंडपांचे, फार तर तांदळाच्या गिरणीचे नकाशे. मग एकाएकी समुद्रकाठची कामं यायला लागली. परदेशात कोळंबी पाठवणाऱ्या कंपन्या किनाऱ्यालगत जमिनी शोधत होत्या. खारं पाणी आत घेऊन तळी करायची, त्यात कोळंबी वाढवायची. आमच्या मालकांना अशाच एका कंपनीचं मोठं काम मिळालं. जागा वेदारण्यमच्या अलीकडे एका लहान गावाबाहेरची, सगळी पुरंबोक्कु, म्हणजे कुणाच्या नावावर नसलेली सरकारी जमीन. ती पडीक आहे असं कागदावर ठरलं की कंपनीला भाड्यानं मिळणार होती.

मला जागा बघून यायला सांगितलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मीही येतों." तिरुत्तुरैपूंडीला बस बदलून आपण उन्हात उतरलो. तुमच्या डोक्यावर तीच शाळेची छत्री. तो दिवस अजून डोळ्यांसमोर आहे. लांबवर मिठागरांची पांढरी रेघ, अलीकडे वाळूचा एक पसरट उंचवटा, ताडाची झाडं, आणि उंचवट्याच्या पायथ्याशी बायका गुडघ्यावर बसून हातानं वाळू उकरताहेत. हातभर खड्डा केला की तळाशी पाणी झिरपतं. ते नारळाच्या करवंटीनं घागरीत भरायचं. समुद्र ऐकू येईल इतक्या जवळ आणि पाणी गोड. तुम्ही तमिळमध्ये विचारलंत, "या जागेचं नाव काय, अम्मा?" एक म्हातारी बाई मान वर न करताच म्हणाली, "ऊत्तुमेडु." ऊत्तु म्हणजे झरा. झऱ्याचा उंचवटा. अप्पा, तुमचा चेहरा! लग्नात नवऱ्यामुलाचा नसतो तसा. तुम्ही ओंजळ पुढे केलीत, तिनं करवंटीतलं पाणी ओतलं, तुम्ही प्यायलात आणि मला म्हणालात, "पी. हें नाव पी." मी प्यायले. पाण्याला शहाळ्याची थोडी चव होती. परतताना बसमध्ये मला वाटत होतं की माझं काम म्हणजे नुसत्या रेघा नाहीत.

मी नकाशा काढला. उंचवट्याच्या समोच्चरेषा काढल्या, शेजारी झऱ्यांच्या खुणा केल्या आणि तमिळमध्ये बारीक अक्षरात लिहिलं, ऊत्तुमेडु. मालकांनी ट्रेसिंग उजेडात धरलं. तसे वाईट नव्हते ते, दिवाळीला सगळ्यांना मिठाई द्यायचे. म्हणाले, "हे काय आहे?"

"जागेचं नाव आहे, सार. तिथले लोक तेच म्हणतात."

"नकाशावर झरा लिहिला तर तिथं पाणी आहे असं होतं. पाणी आहे म्हटलं तर जमीन पडीक कशी? आणि पडीक नसेल तर मिळेल कशी?" त्यांनी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं आणि शाई हळूहळू, कागदाला भोक न पडू देता, खरवडून टाकली. त्यांचा हात फार चांगला होता. आधी खुणा गेल्या, मग नाव. तिथं तळ्यांचे चौकोन काढायला सांगितले. मी त्याच जागेवर बसून होते आणि माझ्या समोर ते नाव भुसा होऊन टेबलावर पडत होतं.

घरी येऊन मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही भिंतीवरच्या नकाशावर ती जागा बोटानं शोधलीत. मग म्हणालात, "सभा आहे म्हणालीस ना? मी बोलतों." जमीन देण्याआधी गावकऱ्यांचं म्हणणं ऐकायला महसूल खात्याचा अधिकारी येणार होता. मला बोलता येणार नव्हतं. मी तर कंपनीच्या बाजूनं नकाशा घेऊन जाणार होते, माझी नोकरी होती. गावचे लोक हरकत घेणार होते, पण ते अधिकाऱ्यापुढे हात जोडून पोटापाण्याचं बोलतील आणि तो मान डोलावेल, हे आपल्या दोघांना ठाऊक होतं. तुमच्यासारखा निवृत्त मास्तर, पांढऱ्या सदऱ्यातला, इंग्रजी येणारा, त्यानं सांगितलं तर ते लिहून घ्यावं लागेल. मी तुम्हाला स्वयंपाकघरात बसवून पढवलं. तीनच गोष्टी बोलायच्या. या जागेचं नाव ऊत्तुमेडु. नावाचा अर्थ झऱ्याचा उंचवटा. आणि गावातल्या बायका रोज इथूनच पिण्याचं पाणी नेतात, खारं पाणी आत घेतलं तर ते जाईल. "बस, एवढंच. पुढं काही नको, अप्पा." तुम्ही शहाण्या मुलासारखं म्हणून दाखवलंत. आई हसून म्हणाली, "यांस तीन वाक्यांत कोणी थांबवलें तर मी तिरुपतीस चालत जाईन." मी तिच्यावर चिडले. तिला तुमची माहिती माझ्यापेक्षा जास्त होती.

सभा गावच्या शाळेच्या पडवीत. गावकरी बाहेर वाळूत बसलेले, बायका मागच्या बाजूला भिंतीला टेकून. अधिकारी टेबलामागे, शेजारी कंपनीचा एक तरुण माणूस, इस्त्रीचा फिकट निळा शर्ट घातलेला. फळ्यावर माझा नकाशा टाचलेला आणि शेजारी मी हातात छडी घेऊन उभी. गावातले दोघे-तिघे बोलले. अधिकाऱ्यानं खरोखरच मान डोलावली. मग तुमचं नाव पुकारलं. तुम्ही उठलात, सदरा खाली ओढलात.

अधिकारी तुमच्या नावाकडे बघत तमिळमध्ये म्हणाला, "सार, तुम्ही तंजावूरचे. आणि मराठीकार ना? या गावाशी तुमचा संबंध काय?"

त्यानं ते वाईट भावनेनं विचारलं नव्हतं. त्याच्या रकान्यात भरायला काहीतरी हवं होतं. पण मी तुमच्याकडे बघत होते आणि मला दिसलं की बाण लागला. आपले पूर्वज येऊन तीनशे वर्षं झाली, आपलं घर इथं, मसण इथं, आणि कुणीही रकाना भरता भरता विचारू शकतो की तुमचा संबंध काय. तुम्ही म्हणालात, "मी चोळमंडळचा माणूस आहे." आणि मग, अप्पा, तुम्ही चोळमंडळ म्हणजे काय ते सांगायला लागलात.

तुमची तमिळ तेव्हा काय सुरेख होती. तुम्ही चोळांच्या जहाजांपासून सुरुवात केलीत, काठाकाठानं नावं घेत उत्तरेकडून खाली आलात, पोर्तुगीजांचा 'च' सांगितलात. वाळूत बसलेले लोक ऐकायला लागले. बायकासुद्धा पुढे सरकल्या. मी छडीचं टोक नकाशावर, जिथलं नाव खरवडलं होतं तिथं, ठेवलं आणि तुमच्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. तुम्ही माझ्याकडे बघून आनंदानं मान हलवलीत, जणू मी धड्याला साथ देते आहे, आणि छडीकडे हात करून म्हणालात, "हाच तो किनारा." अधिकाऱ्यानं घड्याळ पाहिलं. मी छडी जोरात आपटली. तुम्ही म्हणालात, "पण इथं दुसरं मतही सांगायला हवं, नाहीतर ते प्रामाणिकपणाचं होणार नाही. काही विद्वान म्हणतात की हे नाव चोळांवरून नाही, मद्रासच्या उत्तरेला करिमणल नावाचं गाव आहे, म्हणजे काळी वाळू..." कोणत्या देवानं तुम्हाला त्या क्षणी दुसरं मत आठवून दिलं? कुणी मागितलं होतं तुमच्याकडे दुसरं मत? अधिकारी हसून आभार मानत म्हणाला, "नंद्री, सार. फार छान माहिती. पुढचे." तुम्ही म्हणालात, "अजून मी..." आणि पुढचा माणूस उठून उभा राहिला होता.

त्यानंतर जे झालं त्याचा मला जास्त राग आहे. सभा संपल्यावर तो निळ्या शर्टाचा माणूस तुमच्याकडे आला, वाकून नमस्कार केला, म्हणाला की सार, असं आम्हाला कुणी शाळेत शिकवलंच नाही, आमच्या कंपनीच्या माहितीपत्रकात या किनाऱ्याचा इतिहास घालायचा आहे, तुम्ही लिहाल का? त्यानं त्याचं कार्ड दिलं आणि तुम्ही ते घेतलंत. दोन्ही हातांनी घेतलंत. मागून ती म्हातारी बाई आली, जिनं आपल्याला पाणी दिलं होतं. ती मला म्हणाली, "सार नल्ला पेसिनार." सर छान बोलले. तिच्या तोंडावर जराही टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

बसमध्ये मी खिडकीशी बसले आणि तिरुत्तुरैपूंडीपर्यंत बाहेर बघत राहिले. बस बदलल्यावर तुम्ही खिशातून ते कार्ड काढून मला दाखवलंत. "मुलगा चांगला आहे. विषयाची गोडी आहे त्यास." तेव्हा माझा बांध फुटला. सगळ्या बसला ऐकू जाईल असं मी मराठीत ओरडले, "तुम्ही झऱ्याचं नाव घेतलं नाहीत! एकदासुद्धा नाही!" तुम्ही माझ्याकडे वळलात. चेहरा असा की कुणी तुम्हाला झोपेतून उठवलं आहे. मग हळू म्हणालात, "तिकडेंच येत होतों मी." मी म्हटलं, "तुम्ही कायम तिकडेच येत असता." एवढं बोलून मी तोंड फिरवलं. घरी पोचेपर्यंत तुम्ही छत्रीची मूठ दोन्ही हातांत धरून बसला होतात.

जमीन कंपनीला मिळाली. तुम्ही ते तीन वाक्यांत बोलला असतात तर मिळाली नसती असं मी आज म्हणत नाही. कदाचित मिळालीच असती, सगळीकडे मिळत होती. पण निदान कुठल्यातरी सरकारी कागदावर ते नाव राहिलं असतं, कुणीतरी ते बोलल्याचं. ती एक गोष्ट आपल्या हातात होती आणि ती तुम्ही तुमच्या आवडत्या विषयात बुडवलीत, एवढंच माझं म्हणणं आहे. माहितीपत्रकासाठी तुम्ही काही लिहिलं नाहीत. ते कार्ड सदऱ्याच्या खिशात राहिलं आणि आईनं सदरा भिजत घातला तेव्हा त्याचा लगदा झाला. आईनं विचारलं, "महत्त्वाचें होतें काय?" तुम्ही म्हणालात, "नाही."

मी त्या ऑफिसात आणखी काही महिने काढले. यंत्रं लागली, तळी झाली, उंचवट्याची वाळू बांधांना गेली. विहिरी खाऱ्या झाल्याचं मला आमच्या मोजणीच्या माणसांकडून कळत होतं. बायका मुख्य रस्त्यावर प्लास्टिकच्या घागरींची रांग लावून टँकरची वाट बघत उभ्या असत. जेवताना तुम्ही मधूनच विचारायचात, "तेथें पाणी कसें आहे गं?" आणि मी म्हणायची, "मला काय माहीत." मग तुम्ही ताटाकडे बघत जेवायचात. त्यानंतर तुम्ही कुठल्या सभेत बोलला नाहीत. मद्रासचं चेन्नै झालं तेव्हा पेपरवाल्या कुणीतरी तुम्हाला मत विचारायला आलं होतं. तुम्ही त्याला कापी पाजून परत पाठवलंत. पुढच्या उन्हाळ्यात, माझं लग्न झाल्यावर थोड्याच दिवसांनी, तुम्ही दुपारी आडवे झालात ते उठलाच नाहीत.

लग्नानंतरच्या पुण्यातल्या वर्षांनी माझी मराठी इथल्या कानांना परकी करून टाकली, पण तिथं माझा दुसराच वनवास होता. पहिल्या दिवशी सासरच्या शेजारणीनं विचारलं, "तुम्ही कुठल्या?" तंजावूर म्हटलं. "म्हणजे मद्रासीच की! मग मराठी कसं येतं?" मी समजावायला लागले. आम्ही तिथं कसे गेलो, ते मद्रास नव्हे, चोळमंडळ, कावेरीचा काठ. माझ्या आवाजात मला तुमचा आवाज ऐकू आला आणि मी वाक्य अर्धवट सोडून दिलं. म्हटलं, "हो, मद्रासकडची." नंतर सगळ्यांना तेच सांगायला लागले. तुमचा राग मला तिथं दररोज यायचा. तुम्ही मला एक अख्खा प्रांत दिला होता आणि तो कुणाला सांगायचा तर तुमच्यासारखं पसरट बोलण्यावाचून इलाज नव्हता.

नवरा निवृत्त झाल्यावर आम्ही परत आलो. परवा वेदारण्यमला एका नात्यातल्या मुलीचं बारसं होतं, परतताना मी गाडी त्या फाट्यावर वळवायला लावली. नवरा म्हणाला, "काय आहे तिथं?" मी म्हटलं, "काही नाही." आणि तिथं खरंच काही नव्हतं. कंपनी कधीच निघून गेली आहे. कोळंबीला रोग पडला, मग कोर्टकचेऱ्या झाल्या म्हणतात. तळ्यांचे बांध ढासळलेले, तळाला मिठाचा पांढरा पोपडा, आणि जिकडेतिकडे वेड्या बाभळी. शाळेला पक्की इमारत झाली आहे. रस्त्यावर एका टपरीत तिशीची एक बाई चहा करत होती. तिला मी विचारलं, ऊत्तुमेडु कुठं? ती म्हणाली, असं इथं काही नाही. मी म्हटलं, उंचवटा होता गं, झरे होते, बायका पाणी न्यायच्या. तिनं थोडा विचार केला आणि तिचा चेहरा उजळला. "ओ, कंपनीमेडु? ती जागा बघा, बाभळींच्या पलीकडे. माझी आत्या सांगायची, तिथं पूर्वी पाणी होतं." आणि तिनं चहा गाळला.

कंपनीमेडु! मी त्या बाकावर बसले आणि मला इतका राग आला की मी चहाचा पेला तसाच बाकावर ठेवून दिला. कारण तुमचंच शास्त्र होतं ना, अप्पा? नाव म्हणजे लोकांच्या तोंडी असतं ते. आता लोकांच्या तोंडी हे आहे. त्या बाईला मी कुठल्या तोंडानं सांगणार की तू डोळे मिटून बोलतेस? तिनं जे पाहिलं तेच ती म्हणते. मालकांनी ब्लेडनं खरवडलं ते कागदावरचं, तिथं तरी आपण भांडू शकत होतो. इथं कुणाशी भांडू? मी तुम्हाला विचारते आहे आणि तुम्ही छत्री धरून बसला आहात.

हे पत्र कुठं जायचं नाही, मला माहीत आहे. इथल्या माझ्या भाच्यांना देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा कुणाच्या हाती लागायचंही भय नाही. फक्त एक गोष्ट सांगते आणि थांबते, कारण ती दुसऱ्या कुणाला सांगितली तर लोक हसतील. परवा घरी आल्यावर मी चप्पलसुद्धा काढली नाही. तशीच कपाटाशी गेले, जाडा इंग्रजी कोश ओढून काढला आणि 'कंपनी' हा शब्द कुठून आला ते शोधलं. मुळात तो बरोबर बसून भाकरी खाणाऱ्यांसाठी होता, अप्पा. नवरा स्वयंपाकघरातून विचारत होता की चहा ठेवू का, आणि मी म्हणत होते, थांब, आधी हे ऐक.